क्वार्टरबॅक, पोहणारी मुलगी आणि दिवाणखान्यातले पंच

महोदय,

अमेरिकेत रविवारी अमेरिकन फुटबॉल पाहायला आमच्या घरी सातआठ जण जमतात. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, एक पास चुकवला, की प्रत्येकजण प्रशिक्षक होतो. याच मंडळींनी क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला हसून उडवलं होतं. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडले त्यात, तो २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. दुसऱ्याच मोसमात गडी अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये!

मध्यंतरात विषय ट्रान्सजेंडर खेळाडूंवर येतो, आणि तोच ठाम सूर लागतो. माझी मुलगी शाळेच्या संघातून पोहते. पालक म्हणून मी ओल्या काठावर स्टॉपवॉच धरून वाकलेला असतो. हात भिंतीला लागला की बटण. शतांश सेकंदाने पदक जातं, तेव्हा पोरींचे चेहरे मी हातभर अंतरावरून पाहतो. त्यामुळे मुलगा म्हणून वयात येताना मिळालेल्या उंचीचा, ताकदीचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण मार्च २०२२मध्ये ट्रान्सजेंडर जलतरणपटू लिया थॉमसने महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धेत ५०० यार्ड जिंकले, एवढंच सगळ्यांना पाठ. त्याच स्पर्धेत १०० यार्डांत ती आठवी आली, हे कुणी काढत नाही. डिसेंबर २०२४मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर सिनेटपुढे म्हणाले, ५ लाख १० हजार खेळाडूंत ट्रान्सजेंडर असे दहाहून कमी आपल्याला ठाऊक आहेत. दोनच महिन्यांत संघटनेने नियम बदलला: महिलांच्या स्पर्धा फक्त जन्माने स्त्री असणाऱ्यांसाठी.

"तुझ्या पोरीच्या शर्यतीत अशी कुणी आली तर?" परवा एकाने विचारलं. मी शब्द जुळवतोय तोवर पास पुन्हा चुकला, आणि सगळे टीव्हीकडे वळले.

— एक वाचक, न्यू जर्सी