‘पोरगं बोलत नाही, मग तक्रार कुणाची?’

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,
स.न.वि.वि.

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, वय 14. बोलत नाही; काय हवं ते चित्रांची कार्डं दाखवून सांगतो. मध्यंतरी शाळेची रिक्षा दारात आली की तो उंबऱ्यावर बसकण मारायचा, ओढलं तर स्वतःचाच हात चावायचा. ‘ह्या पोरांचं असंच असतंय’, सगळ्यांनी सांगितलं. मग आंघोळ घालताना काखेजवळ चिमट्यांचे काळेनिळे वण दिसले.

पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला तो वर मथळ्यात दिलाय. विचारणारा काही दुष्ट नव्हता. अशा वेळी काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता कायदा बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 7. दिव्यांगावर अत्याचार होतोय किंवा होईल असं वाटायला कारण असेल, तर कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. म्हणजे आपले तहसीलदार, प्रांत. पोलिसांकडे तक्रार गेली, तर या दंडाधिकाऱ्याचा पत्ता आणि मोफत वकिलाचा हक्क त्यांनीच सांगायचा असतो. दाखल्यांच्या रांगेत मी पुष्कळदा उभी राहिले आहे. भिंतीवर उत्पन्नाच्या दाखल्याची फी दिसते, कलम 7 दिसत नाही. बाराही तालुक्यांत ती पाटी लावा, नाव आणि फोन नंबरासकट.

लैंगिक गुन्ह्यात दिव्यांगाची फिर्याद त्याच्या घरी किंवा सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्यासमोर घ्यायची, असं कायदा म्हणतो. पण रात्री दहाला गारगोटीत तो शिक्षक आणायचा कुठून? प्रत्येक ठाण्याच्या टेबलावर त्यांची यादी हवी.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच कलमात बसत नाही. माझ्या मुलाच्या कार्डांत पाणी होतं, भाकरी होती, झोपाळा होता, शू होती. ‘नको’ नव्हतं. ‘दुखतंय’ नव्हतं. ‘ह्यानं मारलं’ तर नव्हतंच. वर्षानुवर्षं आपण या मुलांना शिकवतो काय, तर मांडी घाल, हात पुढे कर, गप बस. ‘किती शहाणा, सांगेल ते ऐकतो’, हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक! त्रास देणाऱ्याला दुसरं काय हवं असतं? शरीराच्या अवयवांची, नकाराची, माणसांच्या फोटोंची कार्डं प्रत्येक विशेष शाळेत गेली पाहिजेत. छपाईचा खर्च तो कितीसा? झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, एखाद्या माणसाला बघून किंचाळणं, हे ‘ऑटिझमच आहे’ म्हणून सोडून न देता आधी अंग तपासा, एवढं शिक्षकांना, मदतनिसांना आणि आम्हा आईबापांनाही शिकवायला हवं. मार घरातही बसतो, साहेब.

राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली अशा दिव्यांगांना कायदेशीर पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीचे अध्यक्ष आपणच आहात. पालकत्वाच्या अर्जांबरोबर पुढच्या बैठकीत हाही विषय घ्या आणि आम्हा पालकांना बोलवा. फक्त बुधवार नको, बुधवारी थेरपी असते.

आपली,
एक आई, कोल्हापूर