डबा लहान, ड्रायव्हर लांब

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पिकअपचा फोटो पाठवला तर तुझं लगेच उत्तर, "लंबू, ह्यात तू बसणार का तुला घडी घालून ठेवणार?" फोनवर सांगितलं असतं, पण तू मधे बोलू देत नाहीस. आणि ट्रकच्या केबिनी बांधण्यात हयात घालवलेल्या माणसाला पत्र्याचं आणि मापाचं सविस्तर लिहायची मजा वेगळीच. तेव्हा चहा घेऊन बस.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, बंद केबिनची. फोर्डचा रूज कारखाना इथून पाऊण तासावर डिअरबॉर्नला आहे, म्हणजे गाडी तशी गावचीच. १९२८ ते १९३१ एवढ्या काळात ह्या मॉडेलच्या ४८ लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, म्हणून पत्रा आणि सुटे भाग अजून मिळतात. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं. ते काढून आत आठ सिलिंडरचं व्ही-८ बसवायचं आणि बाहेरून जुनं रूप राखायचं, असा बेत. इथं अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात.

बेत ऐकला की इथला प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतो: "छत चार इंच कापणार ना?" ह्या प्रकाराला 'चॉप' म्हणतात. खिडक्यांच्या पातळीवर खांब कापायचे, मधला तुकडा फेकायचा आणि छत खाली आणून पुन्हा जोडायचं. दुसरा प्रकार 'चॅनल'. त्यात बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, न ठेवता चासीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवतात. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते, पण चासी आहे तिथंच राहते, म्हणून केबिनच्या आतली जमीन तेवढी वर येते. दोन्ही केलं तर आत सहा फूट चार इंचांचा माणूस सोड, आपला बारक्यासुद्धा मान वाकडी करून बसेल.

छत कापायचं वेड आलं ते कॅलिफोर्नियातून. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिकडची पोरं जुन्या स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढायची आणि म्युरॉक, एल मिराज असल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा आठवडाच भरू लागला. तिथं वारा कमी अडावा म्हणून छत खाली आणण्याला अर्थ होता. मी जाणार कुठं? फार तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर. १९९५ पासून तिथं जुन्या गाड्यांची जत्रा भरते आणि गर्दी इतकी की ताशी वीस मैल गाठले तरी नवस फेडावा. तिथं वारा कापायचा कशाला? छताला हात लावायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. निम्मे मित्र त्यावरच नाराज आहेत.

पण खरी गंमत पुढं. अडचण डोक्याची नव्हतीच. त्या काळी माणसं टोपी घालून गाडीत बसायची, त्यामुळे न कापलेलं छत चांगलं उंच आहे. अडतात ते गुडघे. केबिनमधलं बाकडं काढलं, जमिनीवर प्लायवूडचा तुकडा टाकला, त्यावर फोम ठेवून बसलो आणि चिरंजीवांना टेप घेऊन आत वाकवलं. पाठ मागच्या पत्र्याला टेकलेली, तरी गुडघे डॅशबोर्डला लागून आणि स्टिअरिंगची खालची कड मांडीत रुतलेली. ब्रेक दाबायला पाय उचलला की नडगी वर आपटते. का, तर मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं, डॅशबोर्डच्या मागं असते. पेट्रोल नुसत्या उतारानं कार्बोरेटरला जावं म्हणून ती तिथं उंचावर ठेवलेली. म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या जागी १९३० साली पेट्रोल भरायचे!

तेव्हा पहिलं काम टाकीचं. तिचा वरचा पत्रा हाच बॉनेट आणि काच यांच्या मधला बाहेर दिसणारा पत्रा आहे, त्यामुळे सगळी टाकी काढता येत नाही. वरचं कवच ठेवायचं आणि खालचं पोट कापायचं. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ किती दिवस दबा धरून बसते हे तुला सांगायला नको. साबणाच्या पाण्यानं खळखळून धुतली, गळ्यापर्यंत पाणी भरून ठेवली, आणि कापताना ग्राइंडर न लावता कातरीनं कापली, ठिणगीचं कामच नको म्हणून. आतून गंजाचा चॉकलेटी चिखल निघाला. नवी टाकी मागं, हौद्याच्या खाली जाईल. गुडघ्यांना वर चांगली वीतभर जागा मिळाली, आणि पेट्रोल मांडीवर घेऊन फिरण्याचा धोकाही टळला.

इंजिनसुद्धा मी पाय बघून निवडलं, हे ऐकून तू हसशील. ह्या गाड्यांत सगळे शेवरलेचं ३५० नावाचं व्ही-८ इंजिन घालतात. स्वस्त आणि कुठंही मिळतं. पण त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, इंजिनच्या मागच्या टोकाला असतो. तो मावायला फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधली पत्र्याची भिंत, आत ठोकावी लागते, आणि ते अतिक्रमण थेट आपल्या पावलांवर. फोर्डच्या ३०२ ला डिस्ट्रिब्युटर पुढं. फायरवॉल जवळजवळ जशीच्या तशी राहिली. गिअरबॉक्स फोर्डचाच ऑटोमॅटिक सी-४, अंगानं बारका, म्हणून त्याच्यासाठी जमिनीत मधे काढलेला बोगदाही बारका. क्लच गेला तसा माझ्या बुटांना ऐसपैस मैदान मिळालं. तीन पेडलांत हे बूट म्हणजे दोन पेडल एकदम दाबण्याची हमी. फोर्डमध्ये फोर्डच घातल्यामुळे इथले सोवळे लोकही जरा गप्प बसले.

जमीन मूळची चासीच्या पट्ट्यांवर बसते. ती मधे कापून दोन पट्ट्यांच्या आत खोल ताट बसवलं. एका बाजूनं सायलेन्सरचा पाइप, दुसरीकडं ब्रेकचा मास्टर सिलिंडर, त्यामुळे हवं तेवढं खाली जाता आलं नाही. जे मिळालं ते टाचांना आणि सीटला वाटून दिलं. सीटचा फोम दोन इंची, कडक. मऊ फोम बसल्या बसल्या छान वाटतो आणि अर्ध्या तासात दबतो, मग डोळ्यांची पातळीच बदलते.

डोळ्यांचं लोक विसरतात. उंच माणूस जुन्या बाकड्यावर बसला की छताची पुढची पट्टी बरोबर नजरेसमोर येते आणि सिग्नल दिसत नाही. इथं पूर्वी डॅशबोर्डवर चिकटवायचा एक भिंगासारखा तुकडा मिळायचा, सिग्नलचा रंग त्यातून खाली दिसावा म्हणून. सिग्नल न बघता पुढची गाडी थांबली की आपणही थांबायचं, असा कारभार मला नको होता. आता सीट खाली गेल्यानं नजर काचेच्या मधोमध येते.

राहिली मांडी. तिला मागंच सरकायला हवं, आणि मागं पत्रा. म्हणून केबिन लांबवतोय. दाराच्या मागं उभी काप घेऊन मागची भिंत सहा इंच मागं नेली. छत, दोन्ही बाजू आणि जमीन यांत तेवढी पट्टी भरायची. हौदा पुढून तेवढाच आखूड केला, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जिथल्या तिथं, एकशे साडेतीन इंच. नुसती मांडी सुटली नाही, पाठ तिरकी करता आली. पाठ तिरकी झाली की डोकं मागं जातं आणि खालीही येतं, म्हणून छताचीही जागा वाढली. मग आठ का नाही, दहा का नाही? कारण अजून मागं गेलो की डोकं दाराच्या खांबाच्या मागं जातं आणि चौकात बाजूची गाडी खांबाआड लपते. प्लायवूडवर बसून खांबाच्या जागी पुठ्ठा धरून बघितलं. सहा इंचांच्या पुढं मान फिरवूनही अंध कोपरा राहत होता.

केबिन लांबवली म्हणून एक गृहस्थ म्हणाले, ही आता खरी मॉडेल ए राहिली नाही. त्यांना मी उंच अमेरिकन रेसर डॅन गर्नीची गोष्ट सांगितली. १९६७ ला फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या रेस गाडीत त्याचं डोकं मावेना, तेव्हा कंपनीनं छतालाच फुगा काढून दिला, आणि जोडीदार ड्रायव्हर फॉइटबरोबर तो ती शर्यत जिंकला. फोर्डनंच ड्रायव्हरसाठी छत फुगवलं, मी तर मागची भिंत ढकलली! गृहस्थ पटले नाहीत. ते स्वतः साडेपाच फूट आहेत.

स्टिअरिंग अजून राहिलंय. वरखाली होणारा कॉलम आणि लहान चाक बसवायचं आहे, म्हणजे उतरताना आधी पाय बाहेर काढायला जागा मिळेल. तीन ठिकाणी बांधणारे पट्टे आणि डोक्यामागं टेकू घालणारच. पिकअपमध्ये मागची काच डोक्याला फार जवळ असते.

आता तुझं काम. दारावरून मागं जाणारी उठावाची रेघ नव्या पट्टीवरूनही एकसंध जायला हवी. इथल्या माणसाकडं अशी रेघ उठवायचं बीडिंगचं मशीन आहे पण हात बसलेला नाही. त्याचा नमुना पट्टीच्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर चढला. तू आधी रेघ मारतोस आणि मग वेल्डिंग, की सपाट पत्रा जोडून वरून ठोकतोस? वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा ओढू नये म्हणून टाके किती अंतरावर टाकतोस? कागदावर आकृती काढून फोटो पाठव, मापं सुतातच लिही, मी इंच करून घेईन. पुढच्या शनिवारपर्यंत मिळालं तर बरं, त्या दिवशी गडी परत येणार आहे.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
लंबू