पालकातले कॅल्शियम अंगी लागते का?

हाडांसाठी पालक खा, हा सल्ला सर्रास दिला जातो. पालकात कॅल्शियम भरपूर, पण त्यातले ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य ते धरून ठेवते. जेमतेम ५ टक्के शोषले जाते. दुधातले सुमारे ३० टक्के. पालक चवीने खावा, हाडांची भिस्त त्यावर नको. त्यापेक्षा मोड आणून दळलेली नाचणी बरी. मोडांमुळे तिच्यातले कॅल्शियम धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्य घटते. जुन्या बायका बाळाला नाचणीसत्त्व उगीच देत नव्हत्या.

कॅल्शियमच्या गोळ्यांचे तर विचारूच नका! कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ती गोळी जेवणासोबत घ्यायची. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटते. औषधाच्या पाकिटावर हे मराठीत, ठळक अक्षरांत का छापत नाहीत?

– एक वाचक, सातारा