एमआरआयमधली एक ओळ आणि उपकेंद्रातला बीपीचा पट्टा: आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ज्येष्ठांच्या मेंदूतील श्वेतद्रव्याचा आजार, स्मृतिभ्रंश आणि नाशिक जिल्ह्यातील रक्तदाब तपासणी

महोदय,

साठीपुढच्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला की अहवालात हमखास एक ओळ येते: ‘श्वेतद्रव्यात वयानुसार इस्केमिक बदल’, म्हणजे रक्त कमी पोचल्याने झालेले बदल. घरचे विचारतात, हे काय? उत्तर मिळतं, वय झालं. फाइल कपाटात जाते. या ओळीमागे कधी खरोखरच काही नसतं. कधी मात्र काही वर्षांत माणसाला परावलंबी करणारा आजार असतो. दोन्ही प्रकारांना एकच ओळ लिहिली जाते, ही आमची पहिली तक्रार. दुसरी अशी, की हा आजार लवकर ओळखायला आणि त्याचा वेग कमी करायला लागणारं बहुतेक सामान आपल्या खात्याच्या उपकेंद्रांत आजही आहे, पण ते या कामासाठी वापरलं जात नाही.

मेंदूचा जवळपास निम्मा भाग श्वेतद्रव्याचा, म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या तंतूंचा. त्याच्या खोल भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या बारीक आणि लांब असतात, आणि एक बंद पडली तर शेजारची मदतीला येत नाही. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची जी अवस्था, तीच या भागाची: वर कुठेही दाब बिघडला की पहिला फटका इथे. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, रक्त कमी पोचतं, तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. एमआरआयच्या फ्लेअर चित्रात हा झिजलेला भाग पांढराशुभ्र उठून दिसतो. मधुमेह आणि तंबाखू या झिजेत भर घालतात.

लक्षणं इथे वेगळी असतात, आणि गफलत नेमकी इथेच होते. स्मृतिभ्रंश म्हणजे नावं विसरणं, रस्ता चुकणं, असं लोक समजतात. तो अल्झायमरचा चेहरा. श्वेतद्रव्याच्या आजारात निफाडचा एखादा शेतकरी नातवंडांची नावं बिनचूक सांगतो, लग्नाचं साल सांगतो, आठवलं नाही तर थोडी खूण दिली की लगेच आठवतं. पण कांद्याची हिशोबपट्टी हातात दिली, की किती क्विंटल, काय भाव, गाडीभाडं वजा जाता हाती किती उरले, याचा मेळ बसत नाही. विचाराला वेळ लागतो. एक काम सोडून दुसरं धरता येत नाही. पावलं आखूड पडतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वळताना तोल जातो. लघवी आली की थांबवत नाही. ओट्यावर बसला की बसून राहतो, आणि घरचे म्हणतात, आळशी झाला. ही लक्षणं एकाच दुखण्याची असतात, पण माणूस गुडघ्यासाठी एका डॉक्टरकडे, लघवीसाठी दुसऱ्याकडे जातो आणि हिशोबासाठी कुणाकडेच जात नाही.

आशा ताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्यासाठीचा, फॉर्म भरतात. त्यात ज्येष्ठांसाठी प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हा त्यातला एक; जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला या आजाराचा माणूस बराच काळ प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार. पहिल्याला ‘हो’ म्हणेल, पण ते उत्तर हाडांच्या खात्यात जमा होईल. तोल जातो आणि बीपीही आहे, या दोन उत्तरांची सांगड घालणारी एक सूचना फॉर्मच्या शेवटी छापायला फार खर्च येणार नाही.

सांगड जुळली की उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करायच्या तपासण्यांना दहा मिनिटं पुरतात. जमिनीवर 4 मीटर अंतर खडूने आखायचं आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगायचं. 5 सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर चाल मंद. मग हात छातीशी धरून, आधार न घेता खुर्चीतून 5 वेळा उठबस. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शिकेत त्याला 14 सेकंदांची मर्यादा आहे. चालताना साधा प्रश्न विचारायचा: उत्तर देण्यासाठी माणूस थांबला, तर नोंद करायची. शेवटी एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावं. याला अक्षरओळख लागत नाही, आणि सुरगाणा-पेठसारख्या तालुक्यांत हे महत्त्वाचं. एमएमएसई या बुद्धी तपासणाऱ्या 30 गुणांच्या चाचणीवर आपले दवाखाने विसंबतात. ती स्मरण आणि भाषा बऱ्यापैकी तपासते. वेग आणि नियोजन जवळपास तपासतच नाही. त्यामुळे हिशोब सुटलेला माणूस 27 गुण घेऊन ‘नॉर्मल’ ठरून घरी जातो.

आता उपायाकडे. झिजलेलं श्वेतद्रव्य परत आणणारी गोळी नाही. झीज मंदावते, ती बीपी ताब्यात ठेवल्याने. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्प्रिंट-माइंड अभ्यासात वरचं बीपी 120 च्या खाली ठेवलेल्या गटाची तुलना 140 च्या खाली ठेवलेल्या गटाशी केली होती. सुमारे 4 वर्षांत पांढरे डाग पहिल्या गटात सरासरी 0.92 घनसेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात 1.45 ने. बुद्धीची सौम्य घसरण 19 टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशातला फरक मात्र निर्णायक ठरला नाही, आणि मधुमेही किंवा पूर्वी पक्षाघात झालेले लोक त्या अभ्यासात नव्हते. म्हणून सरसकट 120 चा हट्ट आम्ही धरत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाचं 140/90 हे लक्ष्य तरी खरोखर गाठलं जावं. ज्यांना झेपतं त्यांना 130 पर्यंत न्यावं.

पण ‘गाठलं’ हे ज्या आकड्यावरून म्हणायचं, तो आकडाच अनेकदा चुकीचा असतो. उपकेंद्रात बहुधा एकच पट्टा असतो, 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडाचा. आदिवासी पट्ट्यातल्या कृश आजीचा दंड 22 ते 26 चा, कधी त्याहूनही बारीक. दंडाला पट्टा मोठा झाला की बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. 2023 च्या एका चाचणीत लहान पट्टा लागणाऱ्यांना मोठा बांधला, तर वरचा आकडा सरासरी 3.6 ने कमी आला. 142 चे 138 झाले, की आजी ‘नियंत्रणात’. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर उलट होतं आणि नको ती गोळी वाढते. त्यात बस धरून धापा टाकत आलेल्या माणसाचं लगेच मोजतात, पट्टा पोलक्याच्या बाहीवरून बांधतात, पाय लोंबकळत असतात, गप्पा सुरू असतात. 5 मिनिटं पाठ टेकवून बसवणं, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीत, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणं, एवढं पुरे. आणि ज्येष्ठांचं एकदा उभं करून, 1 आणि 3 मिनिटांनी. वरचं 20 किंवा खालचं 10 ने उतरलं, तर गोळी वाढवण्याआधी थांबायला हवं. नाहीतर बीपी उतरवण्याच्या नादात खुब्याचं हाड मोडायचं.

गोळ्यांचं रडगाणं आपल्याला माहीत असेल. एका महिन्याला ॲम्लोडिपिन मिळते, पुढच्या महिन्याला टेल्मिसार्टन संपलेली असते. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून लोक गोळी सोडतात. 10 मिलिग्रॅम ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली, तर न सांगता सोडतात. आधीच सांगितलं असतं, तर औषध बदलून भागलं असतं. घरातली तरुण माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेली, की म्हाताऱ्याची गोळी आणणारंच कुणी उरत नाही. ज्यांचं बीपी स्थिर आहे, त्यांना 60 दिवसांच्या गोळ्या उपकेंद्रातच द्याव्यात.

एमआरआय सगळ्यांचा करा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तो गाळणीच्या पहिल्या टप्प्याचा तपास नव्हे. पण जो होतो, त्याचा अहवाल उपयोगी असावा. सरकारी पैशातून होणाऱ्या तपासणीच्या करारातच अट घाला: पांढरे डाग किती पसरलेत हे सांगणारी फाझेकास श्रेणी 0 ते 3, बारीक धमन्या बुजून मेंदूत पडलेल्या खड्ड्यांची संख्या, सूक्ष्म रक्तस्रावांची संख्या आणि जागा, हिपोकॅम्पस या स्मरणाच्या भागाच्या आकसण्याची श्रेणी. सूक्ष्म रक्तस्राव दिसायला एसडब्ल्यूआय हा एमआरआयचा वेगळा चित्रप्रकार घ्यावा लागतो. वेळ वाचवायला तोच गाळला जातो. ठिपके सुटे असतील, तर श्रेणी 1, उतारवयात सर्रास आढळणारी. ते एकमेकांत मिसळून पसरले असतील, तर 3, आणि तिथे ‘वयानुसार’ लिहिणं चूक. पांढरे डाग जास्त असलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट आणि स्मृतिभ्रंशाचा दुप्पट, असं 2010 मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं.

डाग दिसले की ॲस्पिरिन सुरू करण्याची पद्धतही थांबायला हवी. पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसताना, केवळ डागांसाठी ॲस्पिरिन देऊ नये, असं युरोपीय पक्षाघात संघटनेचं 2021 चं मार्गदर्शन आहे. ‘मेंदूच्या टॉनिक’वर जाणारा पैसा तर निव्वळ वाया. त्याऐवजी बी-12 आणि थायरॉइड तपासावं, ऐकू येतं का पाहावं, झोपेसाठी किंवा लघवीसाठी दिलेल्या कोणत्या गोळ्या बुद्धी मंदावतात ते पाहून बंद कराव्यात. चाल, लघवी आणि बुद्धी तिन्ही बिघडलेल्यांत मेंदूत पाणी साठण्याचा आजारही असू शकतो. तो शस्त्रक्रियेने सुधारू शकतो, म्हणून त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायलाच हवं.

देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासातून आला आहे. प्रयोगासाठी नाशिक जिल्हा घ्या. 15 तालुक्यांत आदिवासी पाडे, बागायती गावं, मालेगावसारखं दाट शहर, सगळं आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, आपल्याकडे नाही, याची कल्पना आहे; पण समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा दोन दिवसांचा मराठी पाठ तयार करायला दोन खात्यांनी एका टेबलावर बसायला हरकत नसावी. कुंभमेळ्यासाठी आरोग्याची खरेदी सुरू आहेच. त्या यादीत प्रत्येक बीपी यंत्रासोबत लहान, मध्यम आणि मोठा असे तीन पट्टे आणि दंडाचा घेर मोजायची एक टेप, एवढी ओळ निविदा निघण्यापूर्वी घालून घ्यावी, ही विनंती.

आपले,
मेंदूविकार, रेडिओलॉजी आणि ज्येष्ठांच्या आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही,
नाशिक