‘ताई, नाही म्हणून टिक मारा’ : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझ्या मुलाला स्वमग्नता आहे. घरात आम्हीही ऑटिझमच म्हणतो, म्हणून पुढे तोच शब्द वापरते. येत्या मार्गशीर्षात त्याला अठरा पूर्ण होतील आणि त्याच दिवशी सकाळी त्याला लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायचा आहे. दुपारी नाही, सकाळीच. दोन वर्षांपूर्वी त्यानं ती तारीख कपाटाच्या दाराला आतून पेनानं लिहून ठेवलीय.

अर्जाबरोबर ‘नमुना १’ असतो. आपल्या तब्येतीबद्दल आपणच द्यायचं घोषणापत्र. फिट येते का, चक्कर येते का, असे सरळ प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं तो स्वतः देईल. पण त्यात असाही एक प्रश्न आहे की, तुमच्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार किंवा अपंगत्व तुम्हाला आहे का? हो किंवा नाही. त्या एका चौकटीपाशी आमचं घर दोन महिने अडून बसलंय. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कामाला आहे. सासरे एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. तासगावकडे आमची थोडी द्राक्षबाग आहे, आणि बागेच्या कडेनं आमच्याच रानातली ट्रॅक्टरपुरती वाट. त्या वाटेवर आबा गेलं वर्षभर नातवाला जुन्या मारुती ८०० वर शिकवतायत. (रस्त्यावर नाही. अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे आबांनी मला तीनदा ऐकवलंय. सोळाव्या वर्षी चालवता येईल अशी बिनगिअरची ५० सीसीची गाडी कायद्यात आहे, बाजारात औषधालाही नाही.)

पहिल्या दिवशी आबा म्हणाले, “आता क्लच सोड.” त्यानं सोडला. म्हणजे पाय उचलून बाजूला ठेवला. गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. परत तेच, आणि परत तेच. पाचव्या वेळेला आबांचा आवाज चढला तसा हा दार उघडून खाली उतरला आणि बागेत जाऊन बसला. रात्री आबा बराच वेळ जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द बदलला. “पाच मोजेपर्यंत पाय हळूहळू वर आण.” तो मोठ्यानं पाच मोजत गेला आणि गाडी गुळगुळीत निघाली. ‘आरसा बघ’चंही तेच झालं. त्यानं आरसा बघितला, आरशातलं मागचं काही बघितलं नाही. आता ‘मागं काय आहे ते सांग’ असं म्हटलं की बरोबर सांगतो. आबा म्हणतात, एसटीत इतकी पोरं हाताखालून गेली, पण आपण रोज किती मोघम बोलतो ते ह्या पोरानं शिकवलं.

आता अवघड भागही सांगते. सगळं गोड लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आबा गाडी चालवतात तेव्हा तो शेजारी बसून समोर काय दिसतं ते बोलत राहतो, हा त्यांचा धडाच आहे. गळीत हंगामात तासगाव रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात, मागे लाल दिवा असला तर असला. पुढचा ट्रॅक्टरवाला उजवा हात बाहेर काढून हलवतो. त्याचा अर्थ ‘ये पुढं’ की ‘थांब’? तुम्हा-आम्हाला तो हात कसा हलतोय त्यावरून कळतं. माझ्या मुलाला कळत नाही. तो विचारतो, “त्यांना काय म्हणायचंय?” तोवर मागच्याचा हॉर्न सुरू होतो आणि ह्याचे हात कानावर जातात. समोरून कुणी डिपर मारला तर पुस्तकातला अर्थ एक आणि आपल्या रस्त्यावरचा भलताच. हा पुस्तकातला धरून बसतो. दुसरीकडे, रात्री अकराला मोकळ्या चौकात लाल सिग्नल असला तर आख्ख्या सांगलीत आबांना “थांबा” म्हणणारा हा एकटाच असेल.

त्याला सांगली-मिरज रस्त्यावर गाडी चालवता येईलच असं मी छातीठोकपणे सांगत नाही. ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना ते जमणारही नाही, आणि त्यांच्या आईबापांना ते पक्कं ठाऊक असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, हे गाडीत बसवून ठरवा, कागदावरच्या शब्दावरून नको.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेले तेव्हा तिथले गृहस्थ भले होते. म्हणाले, “ताई, नाही म्हणून टिक मारा. कोण बघतंय?” खरंच कुणी बघणार नाही. पण हा मुलगा खोटं लिहीत नाही. त्याला लिहिता येत नाही असं नव्हे, ते त्याच्या डोक्यातच बसत नाही. आणि उद्या दुसऱ्याच्या चुकीनं जरी अपघात झाला, तरी विम्याच्या कागदांत आणि कोर्टात ती टिक पहिल्यांदा बाहेर येईल. ‘हो’ लिहावं, तर एका कचेरीत नुसतं विचारायला गेले तेव्हाच ऐकून घेतलं होतं : “गाडी चालवता येतीय, तर मग दिव्यांग कसला? आणि दिव्यांग आहे, तर गाडी कशाला?”

साहेब, हे वाक्य मी रागानं लिहीत नाही. त्यात अख्खी व्यवस्था आलीय. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलो तेव्हा ऑटिझम मोजायची जी भारतीय मापनश्रेणी आहे, तिचे चाळीस प्रश्न झाले. डोळ्याला डोळा देतो का, आवाजानं बिथरतो का, दुसऱ्याच्या भावना कळतात का. जितके गुण जास्त तितके टक्के जास्त, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेलात की बहुतेक सवलती गेल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी काही विचारलं आणि त्यानं छान उत्तर दिलं, तर माझ्या पोटात गोळा आला. आपल्या पोरानं चांगलं बोलू नये असं वाटणारी आई म्हणजे काय, ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळायचं नाही. आता लायसन्सच्या खिडकीवर नेमकं उलटं सिद्ध करायचं. एका खिडकीवर ‘ह्याला जमत नाही’, दुसरीवर ‘ह्याला सगळं जमतं’. मुलगा एकच आहे. काही जमतं, काही नाही.

माझ्या ओळखीत दोन घरं अशी आहेत की, मुलगा गाडी शिकला तर टक्के कमी होतील या भीतीनं त्यांनी किल्लीला हातच लावू दिला नाही. टक्के गेले तर काय जातं तेही सांगते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, त्याबद्दल शासनाचे आभार. आमच्या घराला ते मिळत नाही, कारण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरा वर. एवढ्यात कोण जगतं, हा वेगळ्या पत्राचा विषय. आम्हाला उपयोग होतो तो आयकराच्या सवलतीचा, आणि हो, तुमच्या खात्याच्या एसटीतल्या ७५ टक्के सवलतीचा. ती आहे हे चांगलंच आहे. पण संध्याकाळच्या भरलेल्या एसटीत, कुणाच्या तरी पिशव्यांच्या मधे, मोठ्यानं लावलेल्या मोबाइलवरच्या रीलशेजारी तो दहा मिनिटं उभा राहू शकत नाही. मिरजेला पोचेपर्यंत थरथरत असतो. तिकिटात सवलत आहे, गाडीत बसणं होत नाही. छोट्या गाडीत काच वर, रेडिओ बंद, आणि कोण शेजारी बसणार ते आधीच माहीत. उद्या कुपवाडच्या एमआयडीसीत कुठं काम मिळालं, तर तो तिथं पोचणार कसा, हा आमच्या घरातला खरा प्रश्न आहे. गाडीची हौस नंतरची.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, ऑटिझम त्यात आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात तो नव्हताच. त्याच नव्या कायद्याचं कलम ४१ सांगतं की, दिव्यांगांना स्वतःचं स्वतः फिरता यावं, तेही परवडेल असं, यासाठी सरकारनं योजना आखाव्यात. तुमच्या खात्याकडे दिव्यांग आणि गाडी म्हटलं की पाय अधू असलेला माणूस आणि बदल केलेली गाडी एवढंच डोळ्यांसमोर येतं. माझ्या मुलाला गाडीत काही बदलायचं नाही. शिकवायची पद्धत बदलायचीय.

आणि हे इतरांच्या बाबतीत झालेलं आहे. कर्णबधिर माणसाला चाचणीची संधी द्या, असं २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं. २०२० मध्ये केंद्रानं सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांसाठी हाच ‘नमुना १’ बदलला. ब्रिटनमध्ये मोटार चालवायचं वय १७ आहे, पण दिव्यांग भत्त्यातला प्रवासाचा वरचा दर ज्याला मिळतो त्याला ते १६ व्या वर्षी शिकता येतं. तिथं भत्ता आहे म्हणून एक वर्ष आधी मिळतं, आपल्याकडे प्रमाणपत्र आहे म्हणून दारात अडतं. ऑटिझमचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तरच कळवा, असाही तिथला नियम आहे. २०१९ मध्ये सगळ्यांनीच कळवावं असं तिथल्या खात्यानं लिहिलं होतं, लोकांनी ओरड केल्यावर मागे घेतलं.

‘नमुना १’ दिल्लीचा आहे, तुम्ही तो बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण तो कसा वाचायचा याचं परिपत्रक परिवहन आयुक्तांना काढता येईल. नुसता ऑटिझम हे त्या प्रश्नाचं ‘हो’ नाही, फिट येत असेल किंवा दुसरं काही असेल तर ते वेगळं, एवढं त्यात लिहा. ट्रायलच्या दिवशी अशा मुलांना गर्दी नसलेली पहिली वेळ द्या. ट्रॅक आदल्या दिवशी चालत जाऊन बघू द्या. आणि इन्स्पेक्टरना सांगा, “जरा पुढं घ्या” म्हणू नका, “त्या पांढऱ्या रेघेपर्यंत घ्या” म्हणा. याला एक रुपया लागत नाही. तरीही तो ट्रायलमध्ये नापास झाला तर नापास करा. तो रडेल, मी त्याला घरी घेऊन जाईन, आबा पुन्हा शिकवतील.

दिव्यांग कल्याण खात्यालाही तुमच्याकडून एक ओळ जायला हवी, की लायसन्स मिळालं म्हणून कुणाचे टक्के तपासायला काढू नयेत. ती भीती गेली, तर माझ्या ओळखीतल्या त्या दोन घरांतली मुलंही किल्ली हातात घेतील.

काल रात्री त्यानं मला विचारलं, “त्या प्रश्नाला आपण काय लिहायचं?” मी म्हटलं, मोठ्या साहेबांना विचारून सांगते. त्यानं लगेच विचारलं, “किती तारखेपर्यंत?” मी मार्गशीर्षाच्या आत म्हणून सांगून बसलेय.

आपली,
एक आई
सांगली