साठवणीचा विचार करून पेर

नाशिक, ऑक्टोबर

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

इगतपुरीच्या घरामागील जागेत परसबाग करण्याचा तुझा बेत वाचून फार समाधान वाटले. काय पेरावे असे तू विचारले आहेस. मी म्हणेन, पावसाळ्यासाठी काय टिकवायचे ते आधी ठरव आणि त्यावरून पेर. घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, त्यामुळे तेव्हा घरात काय असेल ते वैशाखापर्यंत ठरून गेलेले असते.

पहिला मान कांद्याला दे. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही. साठवायचा तो उन्हाळ कांदाच, म्हणून एन-२-४-१ सारख्या टिकाऊ वाणाचे बी आण. डिसेंबर-जानेवारीत लागवड झाली की एप्रिलमध्ये कांदा काढणीस येतो. कांदा पोसू लागल्यावर युरिया देण्याचा मोह टाळ, कारण उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते आणि असा कांदा साठवणीत प्रथम सडतो. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी तोड. निम्म्या माना पडल्या की कांदा उपटून, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा ३-४ दिवस वाफ्यातच सुकू दे. मग सुमारे एक इंच मान ठेवून पात काप आणि सावलीत पसर. जोडकांदे व डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आधी खाऊन टाकावेत, बाकीचा कांदा जमिनीपासून उंच, खालून वारा लागेल अशा बांबूच्या मांडणीवर ठेवावा. तुमच्याकडची दमट हवा पाहता पोत्यात तर मुळीच ठेवू नये.

वाळवणाला मार्च-एप्रिलचे कोरडे ऊन लागते. कोवळी गवार मिठाच्या पाण्यात जराशी उकळून उन्हात वाळव, मेथी मात्र सावलीत, म्हणजे रंग राहतो. गवारीची शेंग कट्कन मोडली की वाळली असे समज. बरणीत भरल्यावर आठवडाभर पाहत जा. काचेला आतून दमटपणा दिसला तर सगळी पुन्हा उन्हात घाल. कोहळ्याचे सांडगे आणि भरलेल्या मिरच्या या उन्हातच करून घे, जूनच्या पहिल्या पावसाआधी सर्व बरण्या बंद झाल्या पाहिजेत.

मटार दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच थंड पाण्यात काढावा व मगच फ्रीजरमध्ये ठेवावा, नाहीतर त्यातील विकरे गोठल्यावरही हळूहळू रंग आणि चव बिघडवत राहतात. एका गोष्टीबाबत मी तुला आग्रहाने सांगते: उकडलेली गवार किंवा मटार पाण्यासकट हवाबंद बरणीत भरून साधे उकळून ठेवू नकोस. आंबटपणा कमी असलेल्या अन्नात, म्हणजे ज्याचा सामू ४.६ पेक्षा अधिक आहे त्यात, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत. टोमॅटोचा सामू या सीमेच्या आसपास असतो, म्हणून त्याचा गर बरणीत भरताना लिंबाचा रस घालावाच लागतो.

बियाणेही साठवणच आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बी जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही. वाल, घेवडा, टोमॅटो यांचे बी बहुधा शुद्ध राहते. दोडका आणि भोपळा शेजारच्या वेलाशी सहज मिसळतात. बी पूर्ण वाळवून, राखेत मिसळून ठेव.

सध्या कांद्याचे बी टाकण्याची वेळ आहे. गादीवाफा एक मीटर रुंद आणि १५ सें.मी. उंच कर, म्हणजे पाणी तुंबून रोपांची मर होणार नाही. सहा-सात आठवड्यांत रोप लावणीस येईल. मटार नोव्हेंबरच्या आतबाहेर पेर. येत्या रविवारी इकडे आलीस तर घेवड्याचे बी देते.

तुझी आई