तुझे पाच हजार

सातारा, बुधवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पाच हजार खात्यात जमा झाले. ते मी काढणार नाही. घराण्याचा शोध घ्यायचा म्हणजे पैसे ओतावे लागतात असं तुला वाटतं. मलाही वाटायचं, म्हणून तर श्रावणात दीड हजार घालवून बसले. बाबांना अजून माहीत नाही, तूही बोलू नकोस. एकाने फोनवरूनच वंशावळ करून देतो म्हणून पैसे घेतले आणि आठ दिवसांनी कागद धाडला. त्यात आपण थेट राजघराण्यातले निघालो! चौदा पिढ्या, एकाही बाईचं नाव नाही, आणि तुझ्या आजोबांचं नाव तेवढं चुकलेलं. राजे कसले? आजोबांनी जन्मभर चार एकर जिराईत कसली.

तू म्हणतोस ती थुंकी तपासायची डबीही मागवू नकोस. ती आपलं रक्त कुठल्या कुठल्या मुलखातलं ते टक्क्यांत सांगेल. मला शंभर वर्षांपूर्वी आपल्या ओसरीवर कोण बसत होतं ते हवंय. ते तिला कुठून कळणार?

मी सुरुवात केली ती सातबाऱ्यापासून. महाभूलेख या सरकारी साइटवर तो फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात बघ, ते फेरफाराचे नंबर. जमिनीवरचं नाव ज्या कारणाने बदललं, ते कारण त्या नंबरच्या फेरफारात लिहिलेलं असतं. कोण मेलं, वारस कोण, कोण अज्ञान म्हणजे वयाने लहान, कोणी हक्क सोडला. एकेक नंबर धरून मागे जायचं, विहिरीत उतरावं तसं. आपल्या गटाचे तीन फेरफार मिळाले की तीन पिढ्या हातात आल्या म्हणून समज.

बाकी फुकटचं बरंच आहे. गावच्या शाळेत हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर दाखवलं. त्यात तुझे आजोबा सापडले, जन्मतारीख 1 जून. त्यांच्या वरच्या मुलाची 1 जून, खालच्याचीही 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर दाखल करून घेताना अंदाजाने तीच तारीख टाकायचे. म्हणजे आपण इतकी वर्षं त्यांचा वाढदिवस मास्तरांच्या सोयीने केला.

खरी अडचण मोडी लिपीची. स्वातंत्र्याआधीची दप्तरं बहुतेक मोडीत. आणि 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना फुरसत नाही. एकाने मला पानाला दोनशे सांगितले. मग म्हटलं, आपणच शिकू. वाचनालयातून पुस्तक आणलं आणि रोज दुपारी भांडी झाली की तासभर गिरवत बसले. आधी वरची रेघ ओढून घ्यायची आणि अक्षरं तिला लोंबकळवायची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. सगळं वाचायच्या भानगडीत मी पडलेच नाही. आपल्या घरातली नावं, गावाचं नाव, "मयत", "वारस", "मुलगा", "आई" एवढंच शंभरदा लिहिलं आणि पानावर तेवढंच शोधत गेले. गर्दीत आपलं माणूस चालीवरून ओळखतो ना, तसं होतं ते.

आता मुद्द्याचं. खापरपणजोबांची गोष्ट तू लहानपणापासून ऐकलीस. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला गेले आणि तिकडेच पडले. साताऱ्यात हे काही नवल नाही, अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी उगाच लागलेलं नाही. म्हणून मी आधी तिथेच शोधलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर युद्धात मेलेल्यांची नावं फुकट बघता येतात. शेजारच्या पोरीला बसवून बघितली. हिंदी शिपायांच्या कितीतरी नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलाय. मात्र गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाने केलेलं, म्हणून चार तऱ्हेने टाकून बघावं लागतं. त्यात एक कळलं ते मनातून जात नाही. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्याकडच्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा नुसता आकडा. पण नोंदींतही आपला माणूस नाही. दोन संध्याकाळी घातल्या, नाहीच.

तेव्हा तालुक्याची वाट धरली. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, डबा घरचा, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प. तीन खेपा झाल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला मी डबा तिथेच बाकावर उघडला आणि शिपायाला निम्मी पोळी दिली. किल्ली सापडली.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. पानं तपकिरी, घड्यांवर तुटलेली. उलटताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर कोपरा हातात येतो. 1918 चा आश्विन-कार्तिक काढला. मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचायला मोडी येण्याचीही गरज नव्हती. तेच एक चित्र वरपासून खालपर्यंत. ताप. ताप. ताप. बाळंतीण, ताप. पोर वर्ष एक, ताप. त्या साली आलेली ती इन्फ्लुएंझाची साथ. लिहिणाऱ्याचा बोरू पुढे पुढे घाईला आलेला दिसतो, मग मध्येच अक्षर बदलतं. आधीच्याचं काय झालं असेल ते तूच ताड. त्या बदललेल्या अक्षरात चौथ्या ओळीवर आपले खापरपणजोबा. वय तीस. ताप.

बसरा नाही, लढाई नाही. आपल्याच गावात, आपल्याच घरात.

पुढच्या सालचा फेरफार मग लगेच लागला. "मयत, वारस मुलगा अज्ञान, पालन करणार आई रखमा." हल्लीच्या सातबाऱ्यावर अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणतात ते हेच. आपल्याकडे आजवर काय सांगत आले? पोरक्या पोराला चुलत्याने सांभाळलं, जमीन राखली. कागदावर चुलत्याचं नावही नाही. सात वर्षांचं पोर आणि एक विधवा बाई, एवढीच दोघं.

आत्याआजीला विचारलं. तिच्याकडे वही-पेन घेऊन गेलं की ती गप्प होते. म्हणून मी शेंगा फोडायला बसते आणि फोन सुपाखाली चालू ठेवते. तिला सांगून हं, चोरून नाही. साल विचारायचं नाही, कशाच्या आधी-नंतर ते विचारायचं. गांधीवधाच्या आधी का नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी कोण होतं, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं. भूकंप 1967 च्या डिसेंबरातला, त्यावरून बाकीचं बसवता येतं. म्हटलं, आत्या, तुमच्या आजीचं नाव रखमा होतं? शेंग हातातच राहिली. म्हणाली, "आमी बयच म्हनायचो. तिचं नाव घ्यायला कोन हुतं गं?"

बयचं माहेर कुठलं, तेही तिला ठाऊक नाही. एवढंच आठवतं की आषाढात डोंगरापलीकडून कुणी तिला भेटायला यायचं, नाचणी घेऊन. आता नाचणी कुठल्या अंगाला पिकते ते बघून मी जावळीकडची दोन गावं धरली आहेत. तिकडे कुठल्या कचेरीत काही मिळेल असं वाटत नाही. मात्र आपल्या गावाचे नाशिकचे तीर्थोपाध्ये आहेत. तुझे आजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले होते, तेव्हा उपाध्यांनी वही काढून आधीच्यांची नावं वाचून दाखवली, असं तेच सांगायचे. आडनाव आणि गाव सांगितलं की वही निघते, दक्षिणा आपल्या मनाची. रखमाच्या अस्थी कुणी नेल्या असतील तर तिचं नाव तिथे असेल, माहेरही असेल कदाचित. संक्रांतीनंतर जाईन म्हणते.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझंही नाव ताटातल्या तांदळात बदललं, ते तुला माहीत आहे. रेशनकार्डावर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. पुढे मला शोधणाऱ्याची पंचाईत नको, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही लिहून ठेवलीत, माहेरच्या गावासकट. सूनबाईचीही लिहून पाठव. तिच्या आईची आणि आजीचीही.

राहिलं तापाचं. आत्याआजीला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि फडताळातला तो पितळी मग घेऊन आली. तोच, ज्यात तू लहानपणी ताक प्यायचास. "लढाईला गेलाच न्हाई म्हन्तीस, मग ह्यो कुठनं आला?"

मला उत्तर देता आलं नाही. गेले असतील आणि परत आले असतील. कुणाकडून विकतही घेतला असेल. मगाच्या बुडाला काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि बाणासारखी खूण आहे, चिंच लावून घासली तेव्हा दिसली. फोटो पाठवते. तुझ्या त्या मोठ्या स्क्रीनवर ताणून बघ आणि काय वाचता येतं ते कळव.

तुझी,
आई